मतदारांच्या आधी आलेले संविधान

भारताच्या संविधानाला मान्यता केव्हा मिळाली, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर २६ नोव्हेंबर १९४९ असे आहे. त्या दिवशी संविधान सभेने ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे असलेला दस्तऐवज संमत केला. २४ जानेवारी १९५० रोजी २८४ सदस्यांनी त्यावर सह्या केल्या आणि दोन दिवसांनी तो पूर्णपणे अमलात आला. हे उत्तर बरोबर आहे, पण ते सभेच्या मान्यतेबद्दलचे आहे. लोकांच्या मान्यतेबद्दल विचारले की अडचण सुरू होते. उद्देशिकेची सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी आहे. मात्र ज्या लोकांच्या नावाने ती लिहिली गेली, त्यांच्यापुढे हा मसुदा मतदानासाठी कधीच ठेवला गेला नाही. सार्वमत झाले नाही आणि मंजुरीसाठी प्रांतोप्रांती खास परिषदाही भरल्या नाहीत. संविधानाचे टीकाकार ही उणीव अधूनमधून दाखवून देतात आणि समर्थक बहुधा विषय बदलतात. विषय बदलण्याचे काही कारण नाही. भारतात लोकांची मान्यता आधी घेऊन मग संविधान लागू करणे शक्य नव्हते, कारण मान्यता देऊ शकेल असा मतदारच मुळी संविधानाने निर्माण केला. ती मान्यता पुढच्या वर्षांत मिळाली, संविधान वापरून मिळाली, आणि ती देणाऱ्यांत त्याचे कडवे विरोधकही होते. हे या प्रकरणाचे म्हणणे आहे, आणि त्याचा पुरावा तपासून पाहता येतो.

आधी टीकेतला खरा भाग मान्य केला पाहिजे. संविधान सभा १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेतून जन्मली. योजनेनुसार तिच्यात ३८९ सदस्य असायचे होते : २९६ ब्रिटिश हिंदुस्थानातून, ९३ संस्थानांतून. प्रांतांचे सदस्य लोकांनी थेट निवडले नव्हते. प्रांतिक विधानसभांच्या आमदारांनी सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख अशा गटांत मतदान करून ते पाठवले होते. त्या विधानसभा १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली निवडून आलेल्या, आणि त्या कायद्यात मताचा अधिकार कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांवर अवलंबून होता. ग्रॅनव्हिल ऑस्टिन या अमेरिकन अभ्यासकाच्या हिशेबाने प्रांतांतल्या प्रौढांपैकी सुमारे २८.५ टक्के लोकांनाच १९४६ च्या निवडणुकीत मत देता येत होते. म्हणजे भूमिहीन शेतमजूर, बहुसंख्य स्त्रिया, बहुसंख्य दलित आणि आदिवासी या निवडीच्या बाहेर होते. संस्थानांचे काही प्रतिनिधी तर राजांनी नेमलेले होते. फाळणीनंतर सभा २९९ सदस्यांवर आली आणि तिच्यात काँग्रेसचे प्रचंड बहुमत झाले. समाजवादी पक्षाने सभेवर बहिष्कार घातला होता. सोमनाथ लाहिरी हे एकमेव कम्युनिस्ट सदस्य बंगालच्या फाळणीबरोबर बाहेर पडले. खुद्द डॉ. आंबेडकर बंगालमधून निवडून आले होते आणि फाळणीने त्यांचीही जागा गेली. सभेचे सदस्य जयकर यांच्या राजीनाम्याने मुंबई प्रांतात रिकाम्या झालेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये ते परत आले नसते, तर मसुदा समितीचा इतिहास वेगळा झाला असता. अशा सभेला प्रातिनिधिक म्हणायचे असेल, तर जपूनच म्हणावे लागेल.

हा आक्षेप आज कुणाला नव्याने सुचलेला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी मसुदा सभेपुढे मांडला, आणि त्याच चर्चेत मौलाना हसरत मोहानी व दामोदर स्वरूप सेठ यांनी मागणी केली की या सभेने थांबावे, नवी सभा निवडली जावी आणि तिने संविधान करावे. सभेने मागणी फेटाळली, पण प्रश्न तिथे संपला नाही. तो दुरुस्तीच्या तरतुदीत शिरला. प्रौढ मताधिकाराने निवडलेली पुढची संसद या सभेपेक्षा अधिक प्रातिनिधिक असणार, मग निदान सुरुवातीची काही वर्षे तिला साध्या बहुमताने संविधान बदलू द्यावे, असे अनेकांचे म्हणणे होते. आंबेडकरांनी ते नाकारले. या सभेला चांगले आणि चालणारे संविधान करण्यापलीकडे स्वार्थ नाही. उद्याच्या संसदेतले पक्ष मात्र आपल्याला अडचणीचे ठरणारे कलम दूर करायला टपलेले असतील, असा त्यांचा मुद्दा होता. चारच दिवसांनी नेहरू वेगळ्या सुरात बोलले : सर्व लोकांनी निवडलेल्या सभागृहाला हवे ते बदल करण्याची सोपी संधी असावी. सरकार चालवणारा पंतप्रधान आणि मसुदा सभेपुढे आणणारा कायदामंत्री यांच्यातला हा मतभेद बारीक वाटेल, पण मान्यतेचा सगळा प्रश्न त्यात आहे. नेहरूंच्या मते मान्यता पुढे मिळायची होती, म्हणून दार मोकळे हवे. आंबेडकरांच्या मते मान्यता देणारा उद्याचा बहुमतवाला हाच उद्याचा धोकाही होता. कलम ३६८ ने मधला मार्ग धरला : बहुतेक भाग दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी बदलता येतो, संघराज्याच्या रचनेला हात घालायचा असेल तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते, आणि राज्यांच्या सीमांसारख्या काही गोष्टींना साधा कायदा पुरतो. मला हा मध्य केवळ तडजोडीचा वाटत नाही. ज्यांना मत विचारले गेले नव्हते त्यांना नंतर ‘नाही’ म्हणता यावे, आणि त्यातल्या दुबळ्यांचे हक्क एका निवडणुकीच्या लाटेत वाहून जाऊ नयेत, या दोन्ही गरजा खऱ्या होत्या.

तरी सार्वमत का घेतले नाही, हा प्रश्न उरतोच. त्याचे पहिले उत्तर अगदी व्यावहारिक आहे : कोणत्या मतदार यादीवर घ्यायचे? १९४६ ची यादी वापरली असती, तर सभेवर जो आक्षेप आहे तोच सार्वमतालाही लागू झाला असता; २८ टक्क्यांनी निवडलेल्या सभेला त्याच २८ टक्क्यांनी पुन्हा मान डोलावली असती. प्रौढ मताधिकाराची यादी हवी तर ती शून्यातून उभी करावी लागणार होती. ते काम संविधान सभेच्या सचिवालयाने मसुदा मंजूर होण्याच्या आधीच, १९४८ पासून, प्रांतांकडून करवून घ्यायला सुरुवात केली, आणि शेवटी १७ कोटी ३० लाखांच्या आसपास मतदारांची यादी झाली. साक्षरता १८ टक्क्यांच्या घरात असलेल्या, लाखो निर्वासित रस्त्यावर असलेल्या देशात हे काम झाले, हे मला स्वातंत्र्यानंतरच्या सर्वांत मोठ्या कामगिऱ्यांपैकी एक वाटते. यादीत दोषही होते. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगून स्वतःचे नाव न देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. यावर कुणी म्हणेल, यादी होईपर्यंत दोन वर्षे थांबायचे होते. थांबता आले असते, हे मान्य. पण थांबणे म्हणजे तेवढा काळ १९३५ च्या कायद्याखाली, मूलभूत हक्कांशिवाय आणि अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणाऱ्या कलमाशिवाय राहणे. त्या प्रतीक्षेची किंमत ज्यांचे मत विचारले गेले नव्हते त्यांनीच सर्वांत जास्त मोजली असती.

दुसरे उत्तर सार्वमत या साधनाबद्दल आहे. सार्वमत होय किंवा नाही एवढेच विचारते. जुलै १९४७ मध्ये वायव्य सरहद्द प्रांतात पाकिस्तान की हिंदुस्थान असे विचारले गेले. खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगारांना जो तिसरा पर्याय हवा होता तो मतपत्रिकेवर नव्हता, म्हणून त्यांनी बहिष्कार घातला आणि निम्म्याच्या आसपास मतदारांच्या मतदानावर प्रांताचे भवितव्य ठरले. हा अनुभव संविधान सभेच्या डोळ्यांसमोरचा होता. ३९५ कलमांवर एकच शिक्का मारायचा असता, तर संघराज्य मान्य पण आणीबाणीच्या तरतुदी अमान्य असे म्हणणाऱ्याने काय करायचे होते? उलट सभेत ७,६०० हून अधिक दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष चर्चेला आल्या. बाहेरच्या देशांचा अनुभवही सार्वमताच्या बाजूने सरळ बोलत नाही. आयर्लंडने १९३७ मध्ये आपले संविधान प्रौढ मताधिकाराने सार्वमताला टाकले आणि ते ५६ टक्क्यांच्या थोडे वर मतांनी मंजूर झाले. आपली मार्गदर्शक तत्त्वे तिथूनच आली. फ्रान्सने मे १९४६ मध्ये पहिला मसुदा नाकारला, ऑक्टोबरमध्ये दुसरा स्वीकारला, आणि तो बारा वर्षांत मोडीत निघाला. जपानचे १९४७ चे संविधान परक्या लष्कराच्या अमलाखाली, सार्वमताशिवाय आले आणि त्याचा एक शब्दही आजवर बदललेला नाही. अमेरिकेच्या संविधानाला राज्याराज्यांतल्या खास परिषदांनी मंजुरी दिली ही गोष्ट नेहमी आदर्श म्हणून सांगितली जाते. त्या परिषदा निवडणाऱ्यांत गुलाम नव्हते, स्त्रिया जवळपास नव्हत्याच. आणि ऱ्होड आयलंडने १७८८ च्या सार्वमतात प्रचंड बहुमताने नकार दिल्यावर दोन वर्षांनी, व्यापारी कोंडीच्या सावटाखाली, ३४ विरुद्ध ३२ मतांनी होकार दिला. मंजुरीचा विधी चोख असला म्हणजे लोकांची मान्यता मिळालीच असे होत नाही, आणि विधी नसला म्हणजे ती नाहीच असेही होत नाही.

एका बाबतीत मात्र सभेने मान्यतेचा विधी मुद्दाम टाळला, आणि ते फार महत्त्वाचे आहे. कायद्याच्या काटेकोर नजरेने पाहिले, तर सभेचे अधिकार ब्रिटिश पार्लमेंटच्या १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यावर उभे होते. त्या साखळीत राहायचे असते, तर मंजूर झालेला मसुदा राजाच्या नावाने गव्हर्नर जनरलच्या संमतीसाठी पाठवावा लागला असता. तो पाठवलाच गेला नाही. सभेचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांच्या सहीने तो प्रमाणित झाला. शिवाय शेवटच्या, ३९५ व्या कलमाने खुद्द तो स्वातंत्र्य कायदा रद्द केला. ज्या कायद्याने आपल्याला अधिकार दिला तोच आपण रद्द करतो, यात कायद्याच्या भाषेत एक विसंगती आहे, आणि सभेतल्या जाणत्या कायदेपंडितांना ती दिसत नव्हती असे समजणे भोळेपणाचे होईल. ती विसंगती त्यांनी पत्करली, कारण ब्रिटिश राजमुकुटाची मान्यता घेतली असती तर भारतीय लोकांच्या मान्यतेची जागा आधीच भरली गेली असती. ऑक्टोबर १९४९ मध्ये उद्देशिकेवर चर्चा झाली तेव्हा पूर्णिमा बॅनर्जी यांनी सार्वभौमत्व लोकांचे आहे हे स्पष्ट लिहा अशी दुरुस्ती मांडली. संविधानाची सत्ता लोकांकडून येते हेच या मजकुरात आहे, असे उत्तर आंबेडकरांनी दिले. त्या क्षणी तो दावा सिद्ध झालेला नव्हता. ते एक वचन होते, आणि त्याची कसोटी पुढे लागायची होती.

ती कसोटी १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लागली. काँग्रेसला लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या, हे सर्वांना पाठ असते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने दुसरी बाजू जास्त बोलकी आहे : मते देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी काँग्रेसला मत दिले नव्हते. सभेवर बहिष्कार घालणारे समाजवादी उमेदवार घेऊन उभे राहिले. जनसंघ, हिंदू महासभा, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे सगळे मैदानात उतरले. तेलंगणात हाती बंदूक घेतलेल्या कम्युनिस्टांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये सशस्त्र लढा मागे घेतला, आणि त्यांचे नेते रावी नारायण रेड्डी नलगोंडा मतदारसंघातून नेहरूंपेक्षाही अधिक मते घेऊन लोकसभेत गेले. आणि संविधानाचे शिल्पकार डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांकडून हरले. ज्या नियमांच्या रचनेत आपला सर्वांत मोठा वाटा होता त्याच नियमांनी झालेला पराभव स्वीकारून ते राज्यसभेत आले. हरणाऱ्यांनी निकाल मानणे आणि पुढच्या वेळी पुन्हा उभे राहणे, हा संविधानाच्या मान्यतेचा पुरावा म्हणून मला कोणत्याही सहीपेक्षा मोलाचा वाटतो.

यावर सर्वांत कठीण आक्षेप असा : निवडणुकीत भाग घेणे म्हणजे संविधानाला संमती देणे नव्हे. घर एकच असेल तर माणूस त्यात राहतो, त्याला ते आवडतेच असे नाही. आक्षेप योग्य आहे, आणि निव्वळ मतदानाच्या आकड्यावर विसंबलो असतो तर त्याला उत्तर नव्हते. पण भाग न घेण्याचा मार्ग खरोखर उपलब्ध होता आणि काहींनी तो घेतलाही. नागा नॅशनल कौन्सिलने १९५१ मध्ये स्वतःचे सार्वमत घेतले आणि १९५२ च्या निवडणुकीवर नागा टेकड्यांत बहिष्कार घातला गेला. तिथे मान्यता नव्हती हे सरळ म्हटले पाहिजे. त्या नकाराची किंमत त्या प्रदेशाने अनेक दशके मोजली. पण नकार दिसू शकत होता, म्हणूनच इतर ठिकाणच्या सहभागाला अर्थ येतो. शिवाय लोकांनी संविधान मतपेटीपुरतेच वापरले नाही. ते अमलात आल्याबरोबर सामान्य माणसे त्याची कलमे घेऊन कोर्टात गेली. मुंबईतून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मुंबई सरकारच्या दारूबंदी कायद्याला एका पारशी गृहस्थाने आव्हान दिले आणि १९५१ मध्ये त्यातल्या काही तरतुदी रद्द झाल्या. उत्तर प्रदेशातल्या जलालाबादचा एक भाजी व्यापारी गाव समितीच्या बेकायदा फीविरुद्ध दिल्लीपर्यंत गेला आणि जिंकला. ज्यांना संविधानाबद्दल कुणी विचारले नव्हते अशा लोकांनी सरकारला सांगितले की हा दस्तऐवज आमचा आहे. आपला नसलेल्या कायद्याचा आधार माणूस नाइलाजानेही घेतो, हे खरे. पण हक्क मागताना तो ज्या आत्मविश्वासाने घेतला गेला, त्याला नाइलाज म्हणणे कठीण आहे.

या चित्रावर एक डाग आहे आणि तो झाकून चालणार नाही. जून १९५१ मध्ये, निवडणूक काही महिन्यांवर आलेली असताना, हंगामी संसदेने संविधानाची पहिली दुरुस्ती केली. ही हंगामी संसद म्हणजे जवळपास तीच जुनी सभा. तिने भाषणस्वातंत्र्यावरची बंधने वाढवली आणि जमीन सुधारणांचे कायदे कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवण्यासाठी नववे परिशिष्ट जोडले. सर्वोच्च न्यायालयाने शंकरीप्रसाद खटल्यात ही दुरुस्ती वैध ठरवली. वैध असली तरी ती चुकीची वेळ होती, असे मला वाटते. जमीनदारी नष्ट करण्याची निकड समजू शकते. भाषणस्वातंत्र्याच्या कलमाला मात्र लोकांनी निवडलेल्या संसदेची वाट पाहता आली असती. मान्यता पुढे मिळणार आहे या विश्वासावर जे संविधान उभे होते, त्यात ती मिळण्याआधीच हात घातला गेला. आंबेडकरांनी १९४८ मध्ये दाखवलेला धोका त्यांच्याच मंत्रिमंडळाच्या काळात खरा ठरला.

उलट दिशेचा दाखला महाराष्ट्राच्या जन्मात आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने केंद्र सरकारशी कमालीची कडवी झुंज दिली, १०६ माणसे तिच्यात हुतात्मा झाली, १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजले. इतक्या संतापातही चळवळीची मागणी संविधानाच्या तिसऱ्या कलमाखाली संसदेने कायदा करावा हीच होती, आणि १ मे १९६० रोजी राज्य त्याच मार्गाने झाले.

आणि तरीही सर्वांत अवघड प्रकरणे म्हणजे ज्यांच्या वतीने संविधान सभेत कुणीच बसले नव्हते ते प्रदेश. मराठवाडा त्यांतला एक. निजामाने सभेत प्रतिनिधी पाठवले नाहीत आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही हैदराबादच्या जागा रिकाम्या राहिल्या. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद इथल्या लोकांसाठी संविधान लागू झाले ते नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने काढलेल्या फर्मानाने. ज्या सत्तेविरुद्ध लोक तुरुंगात गेले, तिच्याच सहीने त्यांना प्रजासत्ताक मिळाले. मान्यतेच्या दृष्टीने याहून विचित्र सुरुवात भारतात दुसरी नसेल. त्या भागाला स्वतः निवडलेले आमदार-खासदार १९५२ मध्येच मिळाले.

गोव्याची गोष्ट याहून पुढची. १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय लष्कराने पोर्तुगीज राजवट संपवली, आणि १९६२ च्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव केंद्रशासित प्रदेश म्हणून संविधानात आले. गोवेकरांना कुणी विचारले नव्हते. विचारल्यावर ते काय म्हणाले, हे पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत, ज्या पक्षाच्या सरकारने लष्कर पाठवले त्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रात विलीन व्हायचे म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि वेगळे राहायचे म्हणणारा युनायटेड गोवन्स विरोधात बसला. हा वाद मिटवण्यासाठी संसदेने कायदा करून १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेतला. संविधानाखाली झालेले हे एक दुर्मीळ सार्वमत, आणि त्यात संविधान मान्य आहे का हा प्रश्नच नव्हता. दोन्ही बाजू ते गृहीत धरून भांडत होत्या. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. विलीनीकरणवाले हरले. त्यांचे नेते दयानंद बांदोडकर कौलाआधी मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले होते. दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्यांचा पक्ष पुन्हा जिंकला आणि एप्रिल १९६७ मध्ये, जो प्रदेश आपल्याला वेगळा नको होता त्याच केंद्रशासित गोव्याचा कारभार बांदोडकरांनी संविधानाची शपथ घेऊन पुन्हा हाती घेतला.